किरकोळ

रिओनीच्या पुलाजवळच्या पहिल्या दुकानात
वही एकच होती, शाळेतली, चौकड्यांची,
आणि तिच्यात महिना सहा ओळींत मावायचा:
पीठ, मांस, कांदा-मिरी, गॅस, भाडं,
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं, किरकोळ.
फुटलेला ग्लास त्यात, माश्यांचा चिकट कागद त्यात,
एकदा अकॉर्डियनवाल्याला पाजलेली वाइनसुद्धा.

त्सियाला खिंकालीला कळ्या पाडायची, एकोणीस.
मोजायची नाही. बोटांना ठाऊक होतं.
गिऱ्हाईक आतला रस्सा ओढून, वरचा देठ ताटात टाकून उठायचं,
तिची बहीण लामारा देठ मोजून पैसे सांगायची.
उष्टं ताट हेच बिल.
मी रविवारी जाऊन बेरीज मारायचो.
मेहनताना वीस खिंकाली, जागेवरच.
तो कुठेच लिहिला नाही.

बाजाराकडे दुसरं दुकान निघालं तेव्हा
मी ठामपणे म्हणालो, खर्च आता दुप्पट.
चुकलो.
पीठ पोत्यामागे तीन लारींनी उतरलं,
कसाई, जो आम्हाला उभं करत नसे,
सकाळी सातला दारात टोपी काढून हजर.
वाटलं, वाढणं वाढणं म्हणतात ते हेच असावं,
भागाकाराची कृपा.

तिसरं बातुमीत, समुद्राच्या वासात.
त्यासाठी एक जुनी व्हॅन, व्हॅनला उचा,
उचाला ओव्हरटाइम, आणि सुरामीच्या घाटात
बर्फात अडकून वितळलेलं
— नाही, बातुमीच्या रस्त्यात घाट लागत नाही,
तो चौथ्या दुकानाच्या वेळचा. गल्लत होते आताशा —
चाळीस किलो मांस.

खर्च चढण चढत नाही, पायऱ्या चढतो.
तीन दुकानांपर्यंत मी एकटा पुरत होतो.
चौथं उघडलं त्या सोमवारी पुरेनासा झालो.
मला मदतनीस, मदतनिसाला टेबल,
टेबलाला खोली, खोलीला हीटर,
आणि खोली पुसायला मक्वाला,
जिनं आयुष्यात एकही खिंकाली विकली नाही.

त्याच हिवाळ्यात लामारा इटलीला गेली,
बारीत एका म्हातारीची शुश्रूषा करायला.
जाताना एप्रन धुऊन, घडी करून खुंटीखाली ठेवला.
तिच्या जागी आम्ही माणसं नेमली:
एक भांड्यांना, एक गल्ल्यावर, एक गिऱ्हाइकांपुढे,
शिवाय देठ मोजायला एक यंत्र,
म्हणजे बिलाचं, पण देठच मोजतं ते शेवटी.
चार नव्या ओळी. मी लिहिल्या, खाली रेघ मारली,
आणि जुनी चौकड्यांची वही काढून बघितली.
अकरा वर्षं. त्या बाईचं नाव
एकाही पानावर नव्हतं.
किरकोळातही नाही.

आता दुकानं सात. कळ्या चौदा,
यंत्राला त्याहून जास्त जमत नाहीत.
बँकेचा गोचा विचारतो, पूर्वी शंभरातले एकतीस उरायचे,
आता सहा. गळती कुठे आहे?
मी म्हणतो, गळती तेव्हा होती, साहेब.
दिसते आता आहे.
तो हसतो, तिसऱ्या रकान्यावर टिचकी मारतो,
विम्याबद्दल बोलू लागतो.

काल रविवार. मक्वालाची सुट्टी.
त्सियाला जिना चढून वर आली, दम लागलेला,
कोट न काढता किरकोळची बेरीज वाचली.
पहिल्या दुकानाच्या अख्ख्या वर्षाहून मोठी.
काही बोलली नाही.
मग म्हणाली, जुनी वही दे. आणि पेन्सिल.
शेवटच्या पानावर तिनं लिहिलं, लामारा.
पुढची चौकट रिकामी.
मी विचारलं, किती धरायचे?

ती बोटांवर मोजत राहिली.
एकोणीसपर्यंत जायची,
थांबायची,
पुन्हा एकपासून.