पन्नास की शंभर

खानापूरहून टेम्पोतनं, गोणपाटात गुंडाळून
इनास कुलासोनं आणला तो अँप्लिफायर.
वजन भरल्या सिलिंडराएवढं.
काचेचे व्हॉल्व्ह तेवढे काढून
रुमालात बांधून मांडीवर धरलेले,
जशी काही अंडी.
"गिटार लावायच्या आधीच
हा आपला आपणच वाजूलालाय, मष्णूमामा."

शहापुरात माझं दुकान. पाटीवर नाव दोनदा,
वर मोठं, खाली बारीक.
रंगाऱ्यानं दोन्हीकडं ष्ण चुकवलाय.

चालू केला. आधी काहीच नाही.
व्हॉल्व्ह घाईनं पेटत नाहीत,
आत नारिंगी धुगधुगी धरते
आणि मग
घूं.

व्हॉल्यूम शून्यावर. तशीच.
गिटारची वायर उपसली. तशीच.
पहिला व्हॉल्व्ह काढला, घूं.
दुसरा, घूं.
तिसरा काढला तरी पठ्ठ्या हटेना.
म्हणजे दुखणं पोटात.

डोळे मिटले.
माझा कान वडगावच्या मागांत वाढलेला.
बा पाठमोरा चहा पीत सांगायचा
कुठल्या मागावर धोटा अडकणार.
घुंईलाही पट्टी असते:
लाइनीतनं थेट शिरली तर पन्नास, ढोबळ, खालची.
डायोडातनं येऊन थकल्या कपॅसिटरांतनं गळली
तर शंभर,
तोच सूर, एक सप्तक वर.

शंभर होती. आणि शंभराच्या खाली
अजून काहीतरी होतं. त्या दिवशी
मी तिकडं लक्ष दिलं नाही.

प्लग काढला तरी आत साडेचारशे व्होल्ट
दबा धरून बसलेले असतात.
रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटर शून्य दाखवीपर्यंत,
आणि डावा हात खिशात ठेवायचा.
एका हातानं झटका बसला तर माणूस शिव्या देतो,
दोन्ही हातांतनं गेला तर मधे काळीज येतं.
सवय अशी की जेवतानाही
माझा डावा हात खिशात जातो. बायको
पाहुण्यांना हे आवर्जून दाखवते.

कपॅसिटर फुगलेले, बुडाशी चिकट राळ.
नवे घातले.
घूं अर्धी झाली.
अर्धीच.

मग प्लग नीट बघितला.
तिसरी पिन नव्हती. करवतीनं कापलेली, सफाईदार.
"कुणी कापली रे?"
इनास छताकडं बघायला लागला.
"मीच. चर्चच्या हॉलात घूं कमी झालती तेनं."
"आणि माईकला ओठ लागला की?"
"मुंग्या येत्यात. मला वाटलं,
गाण्याचा जोर."

एवढं वाक्य ऐकून मी खुर्चीत बसलो.
पोरगं तीन महिने
मरणाला ओठ लावून गात होतं
आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नवा प्लग, तीन पिनांचा. दुकानात गप्प.
हॉलात नेला तर परत घूं,
आता पन्नास, सुटी, अगदी स्पष्ट,
त्या दिवशी खाली ऐकलेली.

हेस्कॉमचा शिवलिंगप्पा रिटायर झालेला,
पण बोलावलं की येतो.
अँप्लिफायरचा प्लग वेदीमागच्या भिंतीत,
मिक्सरचा दाराजवळ, दुसऱ्या मीटरवर.
एका वायरीला दोन जमिनी.
आमच्याकडं दोन जमिनी म्हटलं
की लोक उभं राहून बोलतात.
शिवलिंगप्पा वाकला.
"एरडू बेड. ओंदू साकू,"
असं वायरीला सांगितल्यासारखं म्हणाला
आणि दाराजवळचा प्लग उपसून
वेदीमागच्या बोर्डात खोचला.

पंखा ऐकू आला.
मग पंख्याच्या एका पात्याची कुरकुर.
मग बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली.

इनास वाजवेचना.
"एवढं गप्प," म्हणाला, "भ्या वाटतंय."
"वाटणारच. आता तू चुकलास
की तूच ऐकू येणार."

एक तार छेडली त्यानं, सगळ्यात जाड.
जरा उतरलेली होती. हसला, पिळली.

परतीच्या बसमध्ये उभाच होतो, गर्दी.
देसूरच्या वळणावर कंडक्टर ओरडला,
अजोबा, दोन्ही हातांनी धरा की.