निळा आणि लाल यांच्या मधे

शामिरबेकच्या होंडात तापमानाचा काटाच नाही.
इंजिन गार असलं की निळा दिवा,
उकळलं की लाल.
मधल्या सगळ्याबद्दल गाडीची
हाताची घडी, तोंडावर बोट.

म्हणून दोर्दोई बाजारात घासाघीस करून
चारशे सोमला आणलेलं हे काडेपेटीएवढं यंत्र.
स्टिअरिंगखाली चाचपडत खोचलं
आणि फोनवर गाडी बोलती झाली :
एक्क्याण्णव. ब्याण्णव. एक्क्याण्णव.
पहिल्या दिवशी तो नुसता ऐकतच बसला,
अंगणात, कुठेही न जाता.

आज कारा-बाल्ता मागे पडलं, तो-आशूचा घाट लागला.
अठ्ठ्याण्णव.
पुढे कोळशाचा ट्रक, ओलांडायला जागा नाही.
एकशे तीन.
भर जुलैत त्याने हीटर पूर्ण सोडला.
इंजिनाचा ताप माणसांनी वाटून घ्यायचा.
मागच्या सीटवरच्या म्हातारीने
चकार शब्द न काढता डोक्याचा रुमाल सैल केला,
किमीझची बाटली खिडकीबाहेर धरली.
एकशे सहा.
एकशे सहा.
एकशे पाच.

बोगद्याच्या अलीकडे फोन वाजला,
आकड्यावर बेर्मेतचं नाव चढलं.
मॉस्कोहून, दोन पाळ्यांच्या मधून.
"कशी आहेस?"
"ठीक."
"जेवलीस?"
"हो. सगळं ठीक."
"खोकला?"
"ठीक आहे, म्हटलं ना."
मग रेंज गेली.

नाव विझलं तरी तो स्क्रीनकडेच बघत होता.
खाली आकडा होता, गाडीचा.

बोगदा संपला, सूसामिरचं गवत दिसलं,
वारा गार झाला.
त्र्याण्णव.
"लेकरा," म्हातारी म्हणाली,
"आता तरी बंद कर ते."