चौथा टेक

गाडगे महाराज पुलाखाली, सकाळी साडेसहा.
वाल्मीक सातपूरची नाइट मारून थेट आलाय,
डबा अजून हातात.
आज त्याला मरायचंय.

माइक म्हणजे झाडूचा दांडा,
त्यावर मुबीनाचा मोजा.
थर्माकोलला चंदेरी कागद डकवून
मी ऊन धरतो.

पहिल्या टेकला धुणंवाल्या मावशी मध्येच बोलल्या,
कोण गेलं रे?
दुसऱ्याला मेलेला शिंकला.
तिसऱ्यात फोन भरला. सुयोगनं
बहिणीच्या हळदीचे व्हिडिओ पुसले,
म्हणाला, तिला सांगू नका.

चौथ्याला वाल्मीक इतका छान मेला
की कट म्हणायचं राहूनच गेलं.
मग घोरणं ऐकू आलं.

कुणीच उठवलं नाही.
मी तेवढं थर्माकोल वळवून
त्याच्या तोंडावर
सावली धरली.