डावा खांदा

लॉरेनने तिकिटं ऑगस्टातच काढून ठेवली होती,
बारा पौंड, पाय-वाटाण्यासकट.
पाय म्हणजे इथे खिम्याची बंद कचोरी.
आठवडाभर लोकांच्या पायांचे एक्स-रे काढायचे
आणि शुक्रवारी ताटात पुन्हा पाय,
हा विनोद मी मराठीत करते आणि एकटीच हसते.
शायनी कोट्टायमची. तिला तो समजावेपर्यंत
बार्न्सलीचं शेवटचं वळण आलं, उतरलो.

खाणकामगारांचा जुना क्लब.
खाण मिटून तीस वर्षं उलटली,
गालिचा मात्र तोच, बुटांना धरून ठेवणारा.
दारावर बँडचं नाव,
खऱ्या नावातलं एकच अक्षर फिरवलेलं,
कायद्यात बसेल इतपतच खोटं.
खरे चौघं म्हणे आता फक्त वकिलांमार्फत बोलतात.

"मी खरे पाहिलेत," लॉरेन म्हणाली,
"शेफील्डला. सोळाव्या वर्षी. भिंतीवरून उडी मारून."
अकरा वर्षं ऐकतेय मी.
भिंत दर वर्षी वीतभर वाढते.

आणि आले. टोप, चंदेरी विजारी,
ड्रमवाल्याच्या मिशीचा एक कोपरा सुटलेला.
मला आमच्या गल्लीतला बहुरूपी आठवला,
फौजदार होऊन यायचा, आईला अटक करायचा,
आणि आई "साहेब, आज सोडा" म्हणत
त्याच्या झोळीत सूपभर ज्वारी ओतायची.
कोणी कोणाला फसवत नव्हतं.

सगळ्यांना सगळी गाणी पाठ.
माझं सोळावं वर्ष वेगळ्याच चालीत गेलं,
म्हणून मी लॉरेनच्या ओठांकडे बघत
अर्धा शब्द मागून म्हणत राहिले.
गॅव्हिनला ते कळलं नाही. गॅव्हिन तिसऱ्या बिअरवर होता.

चौथ्या गाण्याला मी गायकाला ओळखलं.
चेहऱ्यावरून नाही, चेहरे मी बघते कुठे?
तीन आठवड्यांपूर्वी, खोली दोन.
शर्ट काढताना उजवा हात
डाव्याला लहान भावासारखं सांभाळून घेत होता.
श्वास रोखा, म्हटलं,
तर इतका वेळ रोखला की मीच घाबरले.
पोहणारा असेल, वाटलं होतं.
आता तोच श्वास
छताच्या पिवळ्या डागांपर्यंत चढत गेला,
आणि बिंगोच्या यंत्राजवळची म्हातारी
हातातला काटा तसाच धरून उभी राहिली.

शेवटच्या गाण्यात ती प्रसिद्ध पोझ:
डावा हात सरळ वर, मूठ, अंधार.
पोस्टरवर तीच, टी-शर्टवर तीच,
दोनशे डावे हात आधीच वर गेलेले.
मला तो खांदा आतून माहीत होता,
कुठे घासतो, कुठे अडतो.
नको, म्हटलं मनात. नको रे बाबा.

त्याने उजवा उचलला.

क्षणभर कोणाला काही सुचेना.
"उलटा हात!" गॅव्हिन ओरडला.
लॉरेनने डोळे पुसले नाहीत, मान वळवली नाही.
"शेफील्डला त्याने उजवाच केला होता," म्हणाली,
"मी होते तिथे."
आणि तिने हात बदलला.
मग तिच्या मागच्या टेबलानेही.

मी गप्प. खोली दोनमधलं खोली दोनमध्येच राहतं.

बाहेर व्हॅनपाशी तो टोप काढून उभा,
कपाळावर रबराचा लाल वळ.
स्पीकर जमिनीवरच होता.
गॅव्हिन दिवसभर स्ट्रेचर ढकलतो,
तरी न विचारता गेला आणि एक बाजू धरली.
"थँक्स, लव्ह," तो मलाही म्हणाला,
मी तर फक्त दार धरलं होतं.
ओळखलं नाही. बरंच झालं.

बसथांब्यावर वारा.
लॉरेनचा आवाज पार बसलेला,
त्याच आवाजात ती भिंतीबद्दल सांगत होती.
आणि शायनी एकदम हसायला लागली,
थांबेचना, खांबाला धरून.
"पाय," म्हणाली. "अगं, पाय!"