लाल सोडून कोणताही

जुलैत इथं थंड नळाला कढत पाणी येतं,
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गार पाण्यासाठी गरम नळ सोडतो.
हवल्लीनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.
दुसरी मी मिरजेहूनच शिकून आले होते,
डायलिसिसच्या वॉर्डात नळीवर टिचक्या मारत :
वाटेत हवा राहता कामा नये.

चार नंबरच्या खुर्चीत मिशारी. वय सतरा.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास
डावा हात मशीनला दिलेला,
उजव्या अंगठ्यानं मोबाइलवर गाड्या उडवतो.
त्याला कळलं की सिस्टर सुवार्ता ड्यूटीवरून जाऊन
पहाटेपर्यंत गेम खेळते
आणि तिचा कॉम्प्युटर हेअर ड्रायरसारखा ओरडतो,
तेव्हा त्यानं माझ्याच तक्त्याच्या पाठीवर
एक वेटोळं काढलं.
टाकी, पंप, प्रोसेसर, कार्ड, रेडिएटर, परत टाकी.
"ओळखीचं वाटतंय?" म्हणाला,
आणि स्वतःच्या नळीकडे भुवई उडवली.

मग तीन आठवडे आमचं तेच.
रक्तदाब घेताना रेडिएटरची जाडी,
वजन करताना पंख्यांचा आवाज.
तो म्हणे, दोन रेडिएटर घे, चिक्कूपणा करू नकोस.
मी म्हणे, केस मोजलीय,
वरचा बसतो, पुढचा कार्डाच्या नाकाला लागतो.
पंप कधी कोरडा फिरू द्यायचा नाही,
हे त्यानं सांगायची गरज नव्हती.
तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत,
हे त्यानं सांगितलं.
मला माझं लग्न आठवलं. बोलले नाही.

कडक नळी देखणी, काटकोनात वळलेली,
पण तिला वाकवायला हीटगन हवी आणि दुसऱ्याचा स्वभाव.
मी मऊ घेतली.
मऊ नळी कुठं मुडपेल
ते माझी बोटं अंधारातही सांगतात.

इब्न खल्दून रस्त्यावर, अबू नादरच्या दुकानात
फिटिंग मोजली : बारा लागतात. चौदा घेतली.
"दोन जास्त कशाला?"
"एक हरवते, एक गळते."
एकशे सत्त्याऐंशी दिनार.
रात्री ताईचा फोन, सोन्याचा भाव,
आणि या वर्षी तरी बांगड्या केल्यास का.
तांब्याचं घेतलं, म्हटलं.
तिला वाटलं भांडं.

राहिला पाण्याचा रंग.
मिशारी लालवर अडून बसला.
काचेतून लाल काय दिसतो, सिस्टर! सगळे लालच घेतात.
मी म्हटलं, लाल सोडून कोणताही.
"का? मी दिवसाआड बघतो माझा. चांगला दिसतो."
मशीन फिरत होतं.
वाजला नसलेला अलार्म मी उगाच तपासला.
मग म्हटलं, "तुझा बघायचे मला पैसे मिळतात."
तो इतका हसला
की पाच नंबरचे आजोबा जागे झाले.

शेवटी रंग घेतलाच नाही. डिस्टिल्ड पाणी,
शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे चार थेंब.
शुक्रवारी बाहेर तोझ, आकाश हळदीच्या पाण्यासारखं,
खिडकीच्या फटींत ओले टॉवेल.
जमिनीवर टिश्यू अंथरून
चोवीस तास नुसता पंप चालू ठेवला, बाकी सगळं बंद.
केस डावीकडे कलती केली, उजवीकडे,
पाठीवर थोपटलं.
तान्ह्या बाळाच्या ढेकरांसारखे
बुडबुडे निघत राहिले, एकेक.
मी दर तासाला उठून टिश्यूला हात लावत होते.
कोरडे.
शनिवारी सगळं जोडलं, चालू झालं,
आणि खेळायचं सोडून मी ऐकत बसले :
काहीच ऐकू येत नव्हतं.

रविवारी सुई टोचायच्या आधीच मिशारीनं विचारलं,
"हवा गेली?"
"एक बुडबुडा राहिलाय. रेडिएटरच्या कोपऱ्यात.
हलतच नाही."
"राहू दे. घाबरलाय तो.
आठवडाभरात येईल आपणहून टाकीत,"
म्हणाला, आणि हात पुढे केला.