सहा मात्रा

रेकॉर्ड आली लेस्टरहून, दिगू परासनीसच्या मेव्हण्याबरोबर,
दोन स्वेटरांच्या मध्ये, पापडासारखी जपून.
सत्त्याऐंशीचा मार्च. दांडिया बाजारात वरच्या मजल्यावर
पंखा बंद करून ऐकली आम्ही,
पंख्याची घरघर गाण्यात शिरत होती म्हणून.

मेव्हणा म्हणाला, यात एका लॉर्डची टर उडवली आहे.
गळ्यापर्यंत कर्ज, तरी कोल्ह्याच्या शिकारीला लाल कोट.
आम्हाला चारातला एक शब्द कळत होता.
पण मध्येच गाणारा थांबला, उचकी लागल्यासारखा,
आणि मागे ड्रम नुसताच खाकरला.
ती खोडी कळली.

लॉर्ड आमच्याकडेही होता.
रावपुऱ्यामागे बंगला, फाटकावर ढाल-तलवार,
ढालीखाली वीज तोडल्याची नोटीस.
वाणी, शिंपी, दूधवाला, कुणीही येवो,
फाटकावरून एकच उत्तर: साहेब बाहेर गेलेत.
साहेब मागच्या खोलीत रेडिओ बारीक करून बसलेले.
बातम्या आम्हालाही ऐकू यायच्या.

दिगूनं तीन रात्रींत लिहिलं.
हेमांगनं पेटीवर चाल घासून घासून
तिचा विलायती वास काढला.
नेविलकडे ड्रम होता, पण त्यानं घेतला
लिल्या चेवड्याचा पत्र्याचा डबा. तो जास्त खाकरायचा.

साहेबांचं नाव बदलायचं ठरलं.
दिगूचे वडील त्यांच्याच शाळेत मास्तर होते ना.
इंद्रोजीरावांचे चंद्रोजीराव झाले.
फाटकावरच्या गड्याचं नाव राहिलं तेच.
बदलून पाहिलं, नाही असं नाही.
गणपत तोकडा पडला, भिकू त्याहून तोकडा.
रा-य-सिं-ग. सहा मात्रा. चपखल.

*रायसिंग, रायसिंग, साहेब आहेत का?*
*आहेत, आहेत, पण घरातच बाहेर गेलेत!*

गणपतीच्या सहाव्या दिवशी मांडवात
पहिल्या रांगेत खुद्द इंद्रोजीराव. प्रमुख पाहुणे.
हेमांगची बोटं पेटीवर गारठली.
साहेब हसले. चष्मा काढून, डोळे पुसून हसले.
वन्स मोअर त्यांनीच दिला.
पुढे पुतण्याच्या लग्नात आम्हाला बोलावून
तेच गाणं म्हणायला लावलं, पाकीट दिलं.
पाकिटातले एकशे एक रुपये
वाण्याकडून उसने आणलेले होते, असं वाणीच म्हणाला.

तोवर कॅसेट सलूनमध्ये पोचली होती, रिक्षांमध्ये,
मांडवीच्या पानवाल्याकडे.
सायकलवरची पोरं फाटकाशी वेग कमी करायची
आणि ओरडून पळायची: रायसिंग, साहेब आहेत का?
खंडेराव मार्केटात कांदे तोलता तोलता
बाईनं विचारलं, तुझे साहेब आहेत का रे?
तो पिशवी तिथंच ठेवून निघून आला म्हणे.

एकदा तो दिगूच्या दारात आला. चपला बाहेर काढून.
"गाणं सारू छे, भाई. सगळ्यांना आवडतंय.
फक्त माझं नाव काढा."
दिगू म्हणाला, मीटर तुटेल रे.
मीटर म्हणजे त्याला विजेचं वाटलं.
"आमचं तर केव्हाच तोडलं," तो म्हणाला.
आम्ही हसलो. मी सगळ्यात जास्त.

अकरा वर्षं होता तो त्या फाटकावर.
पगाराच्या तारखेलाही साहेब बाहेरच असायचे,
हे आम्हाला नंतर कळलं, तेही वाण्याकडून.
दिवाळीआधी छोटा उदेपूरच्या बसमध्ये बसला.
सामान म्हणजे एक छत्री.

परवा मुलीनं विचारलं, बाबा, तुमचं ते गाणं म्हणा ना.
म्हटलं. ती हसली, जिथं हसायचं तिथंच.
रात्री झोप येईना. बोटांवर नावं मोजत पडलो.
दिगंबर, पाच.
परासनीस, सात.
मोरेश्वर.
मो-रे-श्व-र.
पुन्हा मोजलं.
बसलं असतं.