मेळ्याच्या आधी

दिवाळीच्या पणत्या अजून तेलकट आहेत
आणि मी डायरीच्या मागच्या पानावर थंडी मांडायला घेते.
साडेतीन हजार. त्यात सगळं बसवायचं,
विजेचं बिल सोडून.

हेरंब म्हणतो, थांब की जरा,
मेळा लागला की निम्म्यात मिळेल.
दर वर्षी म्हणतो.
मेळा भरतो तोवर लष्करातली थंडी
भाडं न देता महिनाभर
आमच्या गुडघ्यांत राहून झालेली असते.

मोठी रजाई स्कूटरवर पुढ्यात घेतली,
रस्ता निम्मा दिसत होता, निम्मा अंदाजाने,
कंपूला नझीर पिंजाऱ्याकडे.
तराजूत सहा किलो भरली.
शिवण उसवली तर आत कापसाचे गठ्ठे,
वाळल्या गोवऱ्यांसारखे.
"जान बाकी है," तो म्हणाला
आणि मशीन लावून पांढऱ्या धुरात नाहीसा झाला.
सहाचे साडेपाच झाले.
अर्धा किलो गेला कुठे, मी विचारलं.
त्याने स्वतःच्या भुवयांकडे बोट दाखवलं.

साडेपाचाच्या दोन करून घेतल्या.
एक आमची, एक शाल्मलीची.
बारावं लागलंय तिला, आता ती मध्ये झोपत नाही.

मग खिडकीच्या फटी. कणकेची खळ आणि जुने पेपर.
हेरंब पट्ट्या कापतो, कापता कापता वाचतो,
मार्चमधल्या लसणाच्या भावाला आत्ता हळहळतो.
रोशनदानाची काच तीन वर्षांपूर्वीच फुटलेली,
तिथे पुठ्ठा ठोकायचा होता,
तर कबुतर बसलेलं दोन अंड्यांवर,
आमच्याच झाडूच्या काड्या अंथरून.
खिळे ओठांत धरून तो स्टुलावर बराच वेळ उभा राहिला.
मग उतरला
आणि पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला.

शाळेने यंदा स्वेटरचा रंग बदलला, राखाडीचा मरून.
सातशे चाळीस, दुकानही त्यांनीच सांगितलेलं.
मी नया बाजारातून रंगाच्या दोन पुड्या आणल्या,
मीठ घातलं, उकळी येऊ दिली नाही, लोकर आटते.
वाळल्यावर
"आई, हे वांगं आहे," शाल्मली म्हणाली.
"भरताचं की भरल्याचं?" हेरंबने विचारलं.
ती हसली नाही.
सकाळी तेच घालून गेली,
वरून मफलर, हनुवटीपासून पार कमरेपर्यंत.
चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली,
वर्गात अजून दोन वांगी आहेत.
एक तर अगदीच कच्चं.

हेरंबसाठी काही लिहू म्हटलं तर
"मला नाही वाजत थंडी."
हे वाक्य त्याच्या वडिलांचं.
त्याला खांद्यात ढगळ होतं, तरी वापरतो.
मी त्याच्या नावापुढे लोकरीचे मोजे लिहिले, दोन जोड,
आणि रक्कम मिरच्यांच्या ओळीत ढकलली.

सहा दिवस धुकं. किल्ला दिसलाच नाही,
जणू कुणी गहाण टाकून आलं.
बादलीत रॉड, एका बादलीत तिघं,
आधी जिची शाळा सातची ती.
पिल्लं उडाली त्या आठवड्यात
मी स्वतः पुठ्ठा ठोकला, थोडा तिरका.

आणि मग मेळा.
रजायांच्या दुकानापुढे मी उगाच भाव विचारला.
नव्या दोन, कापडासकट,
माझ्या हिशेबापेक्षा नव्वद रुपयांनी स्वस्त.
हेरंबने ऐकलं.
तो समोरच्या आकाशपाळण्याकडे फार लक्ष देऊन बघू लागला.
त्याबद्दल मी त्याला कधीतरी काहीतरी देईन.

गर्दीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ,
आणि सगळे सॉफ्टी खात होते. इथे खातातच.
आम्हीही घेतली. हातमोजे काढून, दात वाजवत,
शाल्मलीच्या वांग्यावर एक पांढरा ओघळ,
मोजे घातलेला हेरंब बर्फासारखी जीभ बाहेर काढून दाखवतोय.

रात्री डायरीत शेवटची ओळ:
सॉफ्टी, तीन.
वेगळं खातं काढलं नाही.
थंडीच्याच खर्चात धरली.